मिठागराच्या टाचा

वाशी
१४ फेब्रुवारी २०२५

आत्या,

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. सोमवारी आमच्या लॅबने सीवूड्सच्या एका शाळेत आठवी-नववीच्या मुलांची तपासणी केली. पुढे कुणाला मधुमेह किंवा हृदयविकार होण्याचा धोका आहे, ते याच वयात पाहायचं असतं. वजन, कंबर, रक्तदाब आणि उपाशीपोटी रक्त.

२. त्यात आपली जाई होती. बाप म्हणून दिपेशदादाने संमती दिली होती.

३. जाईचं वजन, कंबर, रक्तदाब, साखर सगळं उत्तम आहे. ती शाळेच्या कबड्डीच्या संघात आहे.

४. तिचं वाईट कोलेस्टेरॉल २३८ आलं. तिच्या वयात ते ११०च्या आत हवं.

५. मी तोच नमुना पुन्हा लावला. फरक पडला नाही.

६. बुधवारी मी दादाच्या घरी गेले आणि रिपोर्ट दाखवला. तो हसला.

दादाचं म्हणणं असं की आदल्या रात्री गल्लीत हरेशच्या मुलाची हळद होती आणि जाईने तिथे मटण खाल्लं. "अगं सुचे, हळदीचं मटन पोटात असल्यावर तुज्या मशीनला काय दिसनार? भाजीपाला? टेन्शन नको घेऊ." मीनावहिनी चहा ठेवायला गेली ती बाहेर आलीच नाही.

एका रात्रीच्या मटणाने हा आकडा एवढा वर जात नाही. हे मी त्याला दोनदा सांगितलं. मग तो म्हणाला, आत्याला लिही, तीच तुला समजावेल. म्हणून लिहिते आहे. त्याची परवानगी आहे, हे मुद्दाम नोंदवते.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं अक्षर तुला दिसत नाही, म्हणून हे कागदावर, मोठ्या अक्षरात.

मला तुझ्याकडून एक माहिती हवी आहे. आजोबा, दिनानाथकाका आणि माझे पप्पा, तिघेही पन्नाशीच्या आत गेले. प्रत्येक वेळी नेमकं काय झालं होतं? निघताना दादा दारापर्यंत अनवाणी आला होता. त्याच्या टाचेमागची शीर मी पाहिली. बोटाएवढी जाड आहे. पप्पांची तशीच होती. आजोबांचीही होती का?

सुचिता

*

उरण
२३ फेब्रुवारी

सुचे, पोरी,

तुजं पत्र पोस्टमनने हातात दिलं तेवा मला वाटलं कोनाची तरी पत्रिका आली. इतकं जाड. मंग तुजं अक्षर बगितलं. लहानपनापासून तुजं अक्षर छापल्यासारखं, तुज्या बापाला त्याचा लय गर्व.

तू इचारतेस बाबांच्या टाचा तशा व्हत्या का. अगं, बाबांच्या टाचांवरून गावात आमची वळख व्हती. मिठागराच्या टाचा म्हनायचे सगळे. पावसाळा सरला की खाडीचं पानी वाफ्यात घ्यायचं, उन्हानं आटवायचं, आनि लाकडी फळीनं मीठ ओढायचं. दिवसभर पाय मिठाच्या पान्यात. बाबांच्या टाचेमागं अशी गाठ की लहानपनी मी तिला धरून उभी राहायला शिकले, असं आई सांगायची. बोटांच्या सांद्यांवरपन गाठी. संध्याकाळी वट्यावर बसले की त्यांच्या पायाला मी गोडं पानी वतायची आनि ते बोलायचे, पुतळे, या टाचेवर घर उभं हाय.

आनि तू त्याला रोग म्हनतेस.

बाबा गेले ते उन्हानं. चैतात मिठाच्या राशीवर बसले ते उठलेच नाय. दिनानाथ, दिपेशचा बाप, गेला ते ट्रकवरच्या जागरनानं. जयप्रकाश, तुजा बाप, त्याला कंपनीतला त्रास व्हता, तुला ठाव हाय. परत्येकाचं कारन येगळं. तू सगळ्यांना एका बाटलीत भरू नको.

दिपेशनं मीठ ओढलं नाय, पन टाच त्याची तीच हाय. माजीपन हाय. तिघा भावंडांत मी एकटी पोरगी, आनि बाबा सगळ्यांना माजा पाय दाखवायचे, बगा ही माजी लेक. कष्ट रगतात उतरतात पोरी. जाईला हळदीचं मटन बाधलं आसंल. दोन दिस पेज दे.

होळीला मी माहेरी येनार हाय. तुज्यासाठी सुका जवळा आनते. तू जेवतेस का येळेवर? पत्रात तुजं काय ते येक अक्षर नाय.

तुजी आत्या
पुतळा

*

वाशी
६ मार्च २०२५

आत्या,

तू रागावली आहेस. ते बरोबर आहे. मी आजोबांबद्दल लिहिताना ते तुझे वडील होते हे लक्षात ठेवायला हवं होतं.

आता पुढचं. दादाने एक गोष्ट मान्य केली: हळद नसताना पुन्हा रक्त घे. मी जाईला आठ दिवस घरचं साधं जेवण सांगितलं. मीनावहिनीने ते अक्षरशः पाळलं, पेजसुद्धा केली. रविवारी सकाळी मी स्वतः घरी जाऊन रक्त घेतलं. जाईने हात पुढे केला आणि विचारलं, "सुचिताआत्या, मी पास होनार ना?" आकडा २३१ आला.

दादाने कागद उलटून पाहिला. मग म्हणाला, "बरं, हाय थोडं जास्त. आपल्या घरात असतंच. पोरगी धावते, पकडीतून सुटते, तिला काय झालंय?" वहिनीचं म्हणणं वेगळं आहे. तिने मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं. "गोळी एकदा लागली की सुटत नाही म्हणतात. मुलगी आहे, सुचिता. उद्या बघायला आले की काय सांगायचं? तेराव्या वर्षापासून हार्टची गोळी खाते?" मी म्हटलं, डॉक्टर काय देतील ते मी ठरवत नाही, आधी दाखवायला हवं. ती म्हणाली, दाखवलं की लिहून देणारच.

तिची भीती खोटी आहे असं मला म्हणता आलं नाही.

तू लिहिलंस की प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. पप्पा रबाळ्याच्या कंपनीत स्टोअरला होते. दिवसभर स्टुलावर. ते मिठाच्या पाण्यात कधी उभे राहिले नाहीत, आणि तरी त्यांची शीर तशी होती. रक्तात उतरतं, हे तू बरोबर लिहिलंस. काय उतरतं, यात आपला मतभेद आहे. काही घराण्यांत शरीर हे कोलेस्टेरॉल नीट बाहेर टाकू शकत नाही. जन्मापासून. माणूस बारीक असो की जाड, काही खावो. ते रक्तवाहिन्यांत साठतं, आणि काही जणांच्या टाचेमागच्या शिरेत आणि बोटांच्या सांध्यांवरही साठतं. टाचेला त्याचा त्रास होत नाही. हृदयाला होतो. आई किंवा बाप यांपैकी एकाला असलं तर निम्म्या मुलांत येतं, मुलगा किंवा मुलगी हा भेद नाही. लवकर कळलं तर औषधाने माणूस म्हातारा होतो. एवढंच मला म्हणायचं आहे.

पप्पा संध्याकाळी घरी आले की पालथे झोपायचे आणि मी त्यांच्या पायांवर उभी राहायची. तोल जाऊ नये म्हणून पायाच्या अंगठ्याने ती शीर घट्ट धरायची. मला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांना तिथे असं काहीतरी धरायला असतं.

हे मी तुला पटवण्यासाठी लिहिलेलं नाही. तू आजोबांचं लिहिलंस म्हणून आठवलं.

दादा माझं ऐकत नाही, कारण त्याच्या लेखी मी अजून फ्रॉकमध्ये आहे. तुझं ऐकतो. होळीला येशील तेव्हा तू त्याच्याशी बोल. काय बोलायचं ते मी सांगत नाही.

जवळा आण. मी वेळेवर जेवते.

सुचिता

*

उरण
१७ मार्च

सुचे,

तू होळीला आली नाय. दिपेश बोलला, रविवारपातुर ड्युटी. बरं. माज्याशी तोंडावर बोलायचं नसंल, तर पत्रात बोलू.

जे झालं ते सांगते. आपल्या जुन्या घराची जागा आता बिल्डिंगची पार्किंग हाय, तिथंच खुर्च्या टाकून आमी म्हाताऱ्या बसलेलो. होळी पेटायला येळ व्हता. पोरांचा डीजे चालू, मला काय आयकू येत नाय, माजं बरं. माज्या बाजूला सुमित्राबाई बसलेली. तुला ती आठवनार नाय. आमच्या आईपेक्षा ल्हान, पन दोगी जोडीनं मिठागरावर टोपल्या वाहायच्या. आता तिला चौऱ्याऐंशी झाली. तिनं चपला काढून पाय लांब केले, आनि माजी नजर गेली.

भेगा हायत. मिठानं चिरलेली कातडी हाय, ती काय जात नाय. पन टाचेमागं काय नाय पोरी. शीर आपली बारीक दोरीसारखी.

मी तिला इचारलं, सुमित्राबाई, तुला गाठ नाय आली? ती माज्या कानाशी तोंड आनून बोलली, "मला कशाची गाठ? ती तुमच्या घरची." मी बोलले, मिठागराची. ती हसली, दात नायत तिला. बोलली, "मिठागरात सगळा गाव व्हता ग पुतळे. टाचा तुमच्याच वाढल्या."

मंग मला आईचे पाय आठवले. किती वर्सं आठवले नव्हते. बाबा ज्या वाफ्यात उभे, त्याच वाफ्यात आई उभी. ते फळी ओढायचे, ती भरलेली टोपली डोक्यावर घेऊन बांधावर चढायची. दिसाला किती फेऱ्या ते तिला ठाव आनि मिठाला ठाव. बाबा गेल्यावर एकटी जायची. तिच्या टाचा मी शेवटी आंघोळ घालताना बगितल्या, गुळगुळीत. ऐंशीला टेकून गेली. तिला कोनी कदी बोललं नाय की तुज्या टाचेवर घर उभं हाय. आमी धरूनच चाललो की निशानी पुरुषाला पडते, आनि माज्या पायाला पडली म्हनून मी बाबांची लाडकी. आईचा पाय समोर असून मला दिसला नाय.

मी उठले आनि दिपेशला हाक मारली. तो नारळ घेऊन उभा, पांढरे कपडे, पायात बूट. बोलले, बूट काढ. बोलला, "आत्या, लोकांसमोर काय?" मी बोलले, लोकांनी तुज्या बापाला खांदा दिलाय, तुजी टाच बगितली तर काय व्हतंय. काढले त्यानं. मी त्याला सुमित्राबाईचा पाय दाखवला, माजा दाखवला, त्याचा दाखवला. बोलले, ही बाई तुज्या आजीच्या जोडीनं मिठात राबली. आता तू सांग, हे मिठाचं कसं?

नारळ होळीत टाकायचा ते त्यानं जाईच्या हातात दिला आनि लांब जाऊन उभा राहिला. सकाळी चहाला बसला तेवा बोलला, आत्या, माज्या बापाला ट्रक चालवताना हात जड व्हायचा, मी मागं बसून दाबून द्यायचो, पंधरा वर्सांचा व्हतो, मला वाटायचं स्टेअरिंगनं दुखतो. तो रगत द्यायला तुज्याकडं येनार हाय. जाईचं त्याला पटलंय. मीना अजून तोंड फिरवून हाय. तिला मी काय बोलू, पोरीची आई हाय ती.

पयल्या पत्रात तुला चिडून लिहिलं. तुजी मी इतक्या वर्सांत माफी मागितली नाय, आता काय मागनार. पन तू लिहिलंस ते आंगठ्याचं, ते मी दोनदा वाचलं. तुजा बाप लहान असताना माज्या पाठीवर असायचा.

मला तपासायच्या भानगडीत पडू नको. माजे सगळे दिस बगून झाले. देवळाच्या पायऱ्या चढताना मधी थांबते, छाती दाबल्यासारखी व्हते, जरा उभी राहिले की जातं. लोक इचारतात तर सांगते, समुद्र बगते. खोटं पन नाय, तिथून दिसतो.

आनि तुजं काय? दोन पत्रं झाली, मी इचारते हाय. जयप्रकाशची पोरगी तू हायेस.

जवळा दिपेशकडं ठेवलाय.

आत्या

*

वाशी
२५ मार्च २०२५

आत्या,

होळीला ड्युटी होती हे खरं आहे. बदलून घेता आली असती हेही खरं आहे.

दादा गुरुवारी आला. त्याचा आकडा २६२. डॉक्टरांनी त्याच दिवशी हृदयाची पट्टी काढली आणि औषध सुरू केलं. पुढच्या तपासण्या एप्रिलमध्ये आहेत. बाहेर आल्यावर त्याने मला वडापाव खाऊ घातला आणि स्वतः फक्त चहा घेतला. म्हणाला, "बघतेस काय, खा. तुला तरी चालतो." आम्ही बराच वेळ वाशी डेपोसमोर उभे होतो. तो दिनानाथकाकांबद्दल बोलला. मी त्याला कधी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

तू माझं विचारलंस. मी फेब्रुवारीत, जाईचा रिपोर्ट आला त्याच दिवशी स्वतःचं रक्त घेतलं होतं. तुला कळवलं नाही. आकडा ९४. नॉर्मल. मी मशीन पुन्हा तपासलं आणि नमुना दुसऱ्यांदा लावला. तेवढाच आला. मी आईवर गेले आहे.

मला बरं वाटलं. ते खरं आहे. पण घरी जाऊन मी बराच वेळ माझी टाच चाचपत बसले. अंगठ्याला तिथे काही लागलं नाही. पप्पांचं नाक नाही, आवाज नाही, आणि हेही नाही. मी ते लॅबमध्ये कुणाला सांगू शकत नाही, कारण हा आजार नसल्याचा आनंद मानायचा, हेच माझं काम आहे. तुला सांगते. पुढच्या पत्रात यावर काही लिहू नकोस.

आता तुझ्याबद्दल. तुझ्या पत्रातलं पायऱ्यांचं वाक्य मी दादाच्या डॉक्टरांना वाचून दाखवलं. तुझी परवानगी घेतली नाही. त्यांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, या बाईंना आधी आणा, लवकरात लवकर. थांबलं की जातं, म्हणजे ते हृदयाचं असू शकतं. तुझं वय अडुसष्ट आहे आणि तू आजवर कशी राहिलीस याचं त्यांना आश्चर्य वाटलं. बायकांना हे थोडं उशिरा गाठतं, पण गाठतं. तोवर पायऱ्या चढू नकोस. थांबूनही दुखणं गेलं नाही, तर कुणाची वाट न बघता तिथल्याच दवाखान्यात जा. हे मी उरणमधल्या तुझ्या सुनेलाही फोनवर सांगितलं आहे. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट मीनावहिनीची. काल ती माझ्याकडे लॅबमध्ये आली. एकटी, दादाला न सांगता. ती म्हणाली, "पुरुषांचं मला सांगू नकोस, त्यांना गोळी चालते. या घरातली एक बाई मला दाखव, जिला हे आहे आणि जिचा संसार झाला." मी म्हटलं, आत्या. ती म्हणाली, "आत्यांना आहे? त्यांना तर तीन मुलं झाली. सासूबाई गेल्यावर त्यांनीच मला बाळंतपणात सांभाळलं." ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "त्या येणार असतील तर मी जाईला घेऊन येते. त्यांच्या शेजारी बसवते. डॉक्टर त्यांच्याशी काय बोलतात ते मला ऐकू दे."

जाईने वेगळंच विचारलं. तिने दादाच्या फोनवरून मला लिहिलं: आत्याआजी पण गोळी घेणार का, की फक्त मीच?

मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. ते माझ्याकडे नाही.

आई, बाबा, भाऊ यांना पोहोचवून माझे सगळे दिवस बघून झाले, असं तू म्हणू शकतेस. तुझा तो हक्क आहे. पण डॉक्टरांच्या खोलीत एक तेरा वर्षांची मुलगी बसणार आहे, जिच्या रक्तात तुझ्याच वडिलांचं काहीतरी आहे, आणि हे असलेली एकही म्हातारी बाई तिने आजवर पाहिलेली नाही. तू एकटीच आहेस. मी तिच्या शेजारी बसू शकते, पण मला ते नाही, आणि तिला ते कळतं.

जाईची वेळ शुक्रवार, ११ एप्रिल, सकाळी दहा, नेरूळ. तुझ्यासाठी डॉक्टर त्याआधीही, कोणत्याही दिवशी वेळ द्यायला तयार आहेत. आदल्या दिवशी दादा गाडी घेऊन उरणला येईल आणि तू माझ्याकडे राहशील. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट चालू आहे.

तू येणार की नाही, ते शनिवार, ५ एप्रिलपर्यंत मला कळव.

सुचिता